आदामाची वंशावळ

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईकडच्या एका शाळेत मी दहावीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवीत होतो. धडा उत्क्रांतीचा होता. माणसाच्या हाताची आणि चिंपांझीच्या हाताची हाडे शेजारी शेजारी फळ्यावर काढून मी त्यांतले साम्य दाखवीत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. मुलगा कॅथलिक, रविवारी मिस्सेच्या वेळी फादरांच्या हाताशी वेदीजवळ उभा राहणारा. तो म्हणाला, "सर, काल धर्मशिक्षणाच्या वर्गात आदाम आणि हव्वा झाले. आज तुम्ही हे सांगता. पेपरात काय लिहायचं ते मला ठाऊक आहे. पण खरं काय मानायचं?"

मी म्हणालो, "ते धर्माचं, हे शास्त्राचं. दोन्ही आपापल्या जागी." तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. सुटलो हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. कारण मुलगा खाली बसला खरा, पण त्याचे समाधान झालेले नव्हते. आणि खरे सांगायचे तर माझेही झालेले नव्हते.

"दोन्ही आपापल्या जागी" हे उत्तर आपण सगळेच देतो. कपाटाला दोन खण असावेत, एकात देव्हारा आणि एकात प्रयोगशाळा, आणि दोन्ही एका वेळी उघडू नयेत, अशी आपली सोय. पण कॅथलिक माणसाला ही सोय घेता येत नाही. त्याचा धर्मच त्याला सांगतो की सत्य एक आहे. ज्याने धर्मग्रंथ दिला त्यानेच सृष्टी केली, तेव्हा त्या दोहोंत खरा विरोध असणे शक्य नाही. विरोध दिसला तर वाचणाराच कुठे तरी चुकला असला पाहिजे. एकतर ग्रंथ वाचणारा, नाही तर सृष्टी वाचणारा. म्हणजे त्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता. पळ काढला तो मी.

आज त्या प्रश्नाला तोंड द्यायचे आहे. त्यासाठी प्रथम हे पाहावे लागेल की भांडण नेमके कशाचे आहे. कारण लोकांना जिथे भांडण आहे असे वाटते तिथे ते नाही, आणि जिथे आहे तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

लोकांना वाटते, भांडण सहा दिवसांचे आहे. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात देवाने सहा दिवसांत जग निर्माण केल्याची कथा आहे. शास्त्र कोट्यवधी वर्षांची भाषा बोलते. झाला की नाही विरोध? पण हा प्रश्न डार्विनच्या जवळजवळ साडेचौदाशे वर्षे आधी एका कॅथलिक बिशपाने उपस्थित केला होता. इ. स. ४०० नंतरच्या पंधराएक वर्षांत उत्तर आफ्रिकेतील हिप्पो गावचे बिशप संत ऑगस्टीन यांनी 'उत्पत्ती'वर एक मोठे भाष्य लिहिले. त्यांना अडचण जाणवली ती साधी होती. सूर्य निर्माण झाला चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांची सकाळ आणि संध्याकाळ झाली कशी? त्यांनी असे मत मांडले की हे 'दिवस' आपले चोवीस तासांचे दिवस नव्हेत; देवाने सारे काही एकदमच निर्माण केले, पण पुष्कळशा गोष्टी बीजरूपाने ठेवल्या आणि त्या आपापल्या काळी प्रकट झाल्या.

ही उत्क्रांती नव्हे, हे लगेच सांगितले पाहिजे. आपल्याकडे वेदांत विमान शोधणारे असतात तसे ऑगस्टीनमध्ये डार्विन शोधणारेही आहेत. त्यांच्या नादी लागू नये. एका जातीतून दुसरी जात निघते असे ऑगस्टीननी कधी म्हटले नाही. पण त्याच भाष्यात त्यांनी एक इशारा देऊन ठेवला आहे, तो मोलाचा आहे. त्याचा आशय असा: ग्रहताऱ्यांविषयी, पशुप्राण्यांविषयी पुष्कळ गोष्टी ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही बुद्धीने आणि अनुभवाने पक्क्या कळलेल्या असतात. त्याच्यापुढे ख्रिस्ती माणूस धर्मग्रंथाचा हवाला देऊन त्याच विषयांवर वेडेवाकडे बरळू लागला, तर तो हसेल. तो हसला याचे दुःख नाही. पण मग पुनरुत्थानाविषयी तोच ग्रंथ जे सांगतो त्यावर तो विश्वास कशाला ठेवील?

आपल्या मराठी मुलखात तर ही सृष्टीची कथा ओवीतून आली. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात आदामाची कथा आहे. आणि पुराण ऐकत वाढलेल्या श्रोत्याला कथेचा अर्थ निराळा आणि कथेतला दिवसांचा हिशेब निराळा, हे काही शिकवावे लागत नाही.

तेव्हा सहा दिवसांचा प्रश्न कॅथलिकांपुरता कधी फार पेटलाच नाही. १९०९ साली रोमच्या बायबल आयोगाने, आणि हा आयोग चांगलाच कर्मठ होता, 'दिवस' या शब्दाचा अर्थ प्रदीर्घ काळ असा घ्यायला हरकत नाही असा निर्वाळा दिला. अमेरिकेतल्या काही प्रॉटेस्टंट पंथांत जी सहा दिवसांची लढाई चालते ती त्यांची आहे. ती आपण इथे उगाच आयात करू नये.

मग रोमला डार्विन कसा वाटला? १८५९ साली डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ आला. रोमजवळ निषिद्ध ग्रंथांची एक यादी असे. ती १९६६ साली रद्द झाली. या यादीत डार्विनचे पुस्तक असणार असे आपण गृहीत धरतो. ते त्यात कधीच नव्हते. गंमत अशी की यादीत होते ते चार्ल्सच्या आजोबांचे, इरॅस्मस डार्विन यांचे 'झूनोमिया' हे पुस्तक, आणि ते १८१७ सालापासून. नातू सुटला, आजोबा अडकले!

नातू सुटला त्याचे कारण रोमला उत्क्रांती आवडली होती हे नव्हे. गॅलिलिओला १६३३ साली शिक्षा करून रोमने जगात जी नाचक्की ओढवून घेतली होती तिची आठवण अजून ताजी होती. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. जाहीर निषेध टाळायचा आणि आपल्याच माणसांना आतून गप्प करायचे, अशी रीत पडली. फ्रान्समधल्या दोमिनिकन संघाच्या फादर लेरॉय यांनी, माणसाचे शरीर उत्क्रांतीने तयार झाले असेल आणि आत्मा मात्र देवाने दिला असेल, असे सुचविले होते. त्यांना १८९५ साली वर्तमानपत्रात पत्र लिहून हे मत मागे घ्यावे लागले. अमेरिकेतील फादर झाम यांच्या 'उत्क्रांती आणि धर्मसिद्धान्त' या अर्थाच्या १८९६ सालच्या पुस्तकाविरुद्ध १८९८ मध्ये निर्णय झाला. तो छापला गेला नाही, पण पुस्तकाचा प्रसार थांबला. या प्रकरणांची कागदपत्रे संशोधकांना पाहायला मिळाली ती १९९८ साली रोमने ते दफ्तर खुले केल्यानंतर. म्हणजे शंभर वर्षांनी.

या दोघांच्याही आधी तीच कल्पना मांडणारा एक गृहस्थ होता, सेंट जॉर्ज मिव्हार्ट. नावात 'सेंट' असले तरी संत नव्हे, लंडनचा प्राणिशास्त्रज्ञ. तरुणपणी तो कॅथलिक झाला, आणि त्या काळच्या नियमांमुळे ऑक्सफर्डचे दार त्याला बंद झाले. १८७१ साली त्याने पुस्तक लिहून सांगितले की उत्क्रांती खरी, नैसर्गिक निवड एकटी पुरेशी नाही, आणि माणसाचा देह उत्क्रांतीचा व आत्मा ईश्वराचा. त्याचे आक्षेप इतके बोचरे होते की डार्विनने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांच्या समाचारासाठी नवे प्रकरण घातले. पोप नववे पायस यांनी मिव्हार्टला १८७६ साली सन्मानाची पदवी दिली. पुढे नरकाविषयी आणि चर्चच्या अधिकाराविषयी त्याने लिहिलेल्या लेखांवरून तो धर्माधिकाऱ्यांशी भिडला, त्याला संस्कार बंद झाले, आणि १ एप्रिल १९०० रोजी तो तसाच वारला. कॅथलिक दफनभूमीत त्याला जागा मिळाली ती चार वर्षांनी, १९०४ मध्ये. उत्क्रांती मानल्याबद्दल त्याला शिक्षा झाली असे काही जण लिहितात. ते बरोबर नाही. तरी देह आणि आत्मा यांच्यामध्ये त्याने घातलेला बांध ध्यानात ठेवा. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

इथे कोणी म्हणेल, "बांध वगैरे ठीक. पण डार्विनचा मुख्य मुद्दा तर असा की जीवांतले बदल आपोआप, योगायोगाने होतात. जिथे योगायोग आहे तिथे देवाला काम काय उरले?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर कॅथलिक परंपरेत तेराव्या शतकापासून तयार आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी एक दाखला दिला आहे. एक धनी आपल्या दोन नोकरांना एकाच ठिकाणी पाठवतो, पण एकाला दुसऱ्याविषयी काही सांगत नाही. तिथे दोघांची गाठ पडते. "अरे, तू इथे कसा? काय योगायोग!" त्यांच्या दृष्टीने तो योगायोगच आहे, आणि त्यात खोटे काही नाही. धन्याच्या दृष्टीने मात्र ती योजना आहे. थॉमस म्हणतात की ईश्वराची योजना योगायोगाला नाहीसा करीत नाही. त्यालाही ती पोटात घेते.

दुसरे असे की ईश्वर आणि निसर्ग हे एकाच कामातले भागीदार नव्हेत, की एकाने अर्धे करावे आणि दुसऱ्याने अर्धे. बासरीतून सूर निघतो. तो किती वादकाचा आणि किती बासरीचा? असा वाटा करता येत नाही; सबंध सूर वादकाचा आहे आणि सबंध सूर बासरीचाही आहे. म्हणून शास्त्राला जिथे कारण सापडत नाही तिथे देवाला नेऊन बसवायचे, ही गोष्ट खऱ्या कॅथलिक विचारात बसत नाही. उद्या ते कारण सापडले की देवाला तिथून उठावे लागेल! पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये रोमच्या विज्ञान अकादमीपुढे बोलताना, देव म्हणजे जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे, असे बजावले ते याच अर्थाने.

तर सहा दिवसांची अडचण नाही, योगायोगाची अडचण नाही, आणि देहाच्या उत्क्रांतीचीही शेवटी राहिली नाही. मग अडले कुठे?

अडले आहे मूळपापापाशी.

कॅथलिक श्रद्धेत मूळपाप म्हणजे केवळ आदामाने फळ खाल्ल्याची गोष्ट नव्हे. मनुष्यजात मुळातच कुठे तरी बिघडली आहे, प्रत्येक जण जन्मतःच त्या बिघाडाचा वारस आहे आणि म्हणूनच प्रत्येकाला तारणाची गरज आहे, असा तो सिद्धान्त आहे. ख्रिस्ताचे सारे कार्य या सिद्धान्तावर उभे आहे. हा पाया काढला तर वरची इमारत कशासाठी, असा प्रश्न पडेल. आणि १५४६ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ठरविताना असे ठरविले की हे पाप आदामापासून आपल्याकडे येते ते त्याचे अनुकरण केल्यामुळे नव्हे, तर वंशपरंपरेने. आले का ध्यानात? वंशपरंपरेने! म्हणजे धर्मसिद्धान्ताचा एक पाय जीवशास्त्राच्या अंगणात पडला. आता आदामाची वंशावळ हा केवळ कथेचा भाग राहिला नाही. सगळी माणसे खरोखरच एका जोडप्याची संतती आहेत की नाहीत, हा प्रश्न येऊन उभा राहिला. आणि तो असा प्रश्न आहे की ज्याचे उत्तर शास्त्रही शोधू शकते.

शास्त्राने ते उत्तर शोधावे याची सुरुवात कुठे व्हावी? एका मठाच्या बागेत! मोरावियातील ब्रनो शहरी ऑगस्टीनच्याच नावाने चालणारा संन्याशांचा मठ होता. तिथे ग्रेगोर मेंडेल नावाचे धर्मगुरू राहत. शिक्षकाच्या सरकारी परीक्षेत त्यांना दोनदा अपयश आले होते. आम्हा मास्तर मंडळींना यामुळे ते अधिकच जवळचे वाटतात. १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्याची हजारो रोपे वाढविली, आपल्या हाताने परागसिंचन केले आणि दाणे मोजले. गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली कुठे? दुसऱ्या पिढीत ती परत आली: ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. म्हणजे आईबापांचे गुण दूध-पाण्यासारखे एकमेकांत मिसळून जात नाहीत. ते मण्यांसारखे अलग राहतात आणि पुढच्या पिढीत जसेच्या तसे निघतात. याच मण्यांना आपण आज जनुके म्हणतो.

मेंडेलनी डार्विनचे पुस्तक जर्मन भाषांतरातून वाचले होते. समासात खुणा केलेली त्यांची प्रत आजही आहे. त्यांनी आपले प्रयोग १८६५ साली वाचून दाखवले, १८६६ साली छापले, आणि कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढे ते मठाधिपती झाले आणि १८८४ साली वारले. त्यांच्या शोधाला पुन्हा उजाळा मिळाला तो १९०० सालच्या वसंतात, म्हणजे इकडे लंडनमध्ये मिव्हार्ट मृत्युशय्येवर होता त्याच सुमारास.

आता या मण्यांचा हिशेब आदामाशी कसा भिडतो पाहा. प्रत्येक माणसात एकेका जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे एका जोडप्यात मिळून जास्तीत जास्त चार. सारी मनुष्यजात एकाच जोडप्यापासून निघाली असेल तर सुरुवात या चार प्रतींपासून झाली. पण आज माणसांत काही जनुकांचे, विशेषतः रोगांशी झगडणाऱ्या जनुकांचे, शेकडो प्रकार सापडतात. नवे प्रकार बदलांनी तयार होतात, पण ते काम फार सावकाश चालते. असे हिशेब मांडून बहुतेक शास्त्रज्ञ या निष्कर्षाला आले आहेत की गेल्या काही लाख वर्षांत आपल्या पूर्वजांची संख्या काही हजारांच्या खाली उतरली नसावी. त्यातच २०१० साली असे दिसून आले की आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जनुकांत निअँडरथल माणसाचाही एखाददुसरा टक्का वाटा आहे. वंशावळीच्या कागदावर अशी बाहेरची नावे येऊ लागली म्हटल्यावर मूळपुरुष कोणाला म्हणायचे?

मेंडेलचे गणित इतके पुढे जाण्याआधीच या गाठीत एक माणूस सापडला होता. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

पिएर तेयार द शार्दां. जन्म १८८१, फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य प्रांतात. अठराव्या वर्षी येशूसंघात गेला. १९११ साली धर्मगुरू झाला. पहिल्या महायुद्धात त्याने जखमींना स्ट्रेचरवरून उचलून आणण्याचे काम केले, आणि शौर्याची पदके मिळवली. युद्धानंतर पुराजीवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन तो पॅरिसच्या कॅथलिक संस्थेत शिकवू लागला. १९२२ साली त्याने आपल्या काही सहकाऱ्यांच्या विचारासाठी एक टिपण केले. विषय मूळपाप. जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला एक आदाम आणि एक बाग ही कल्पना जशीच्या तशी कशी धरून बसता येईल, मग सिद्धान्ताची मांडणी दुसऱ्या कोणत्या रीतीने करता येईल, असा तो विचार होता. टिपण छापण्यासाठी नव्हते. ते रोमला पोहोचले.

वरिष्ठांनी त्याला काही विधानांवर सही करायला सांगितले. त्याने १९२५ साली सही केली. अध्यापन सुटले, १९२६ साली तो चीनला गेला आणि पुढची वीस वर्षे बहुतेक तिकडेच राहिला. संघ सोडून बाहेर पडावे आणि मोकळेपणी लिहावे असे सांगणारे होते. त्याने ऐकले नाही. आता दैवाची लीला पाहा. ज्याला आदामाच्या प्रश्नावरून दूर धाडले, तो पेकिंगजवळच्या झोऊकोऊत्येनच्या उत्खननात जाऊन सामील झाला. त्याच ठिकाणी १९२९ च्या डिसेंबरात पेई वेनचुंग या चिनी संशोधकाला आदिमानवाची कवटी सापडली, आणि 'पेकिंग मानवा'चा काळ ठरवण्याच्या कामात तेयारचा हात होता. १९३५ च्या अखेरीस तो हिंदुस्थानातही आला होता. द टेरा आणि पॅटर्सन या संशोधकांबरोबर त्याने नर्मदेच्या खोऱ्यातले थर तपासले. प्राण्यांचे जीवाश्म आणि दगडी हत्यारे मिळाली. ती हत्यारे करणारा माणूस मात्र भेटला नाही. तो भेटला १९८२ साली, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना, नर्मदाकाठच्या हथनोरा गावी, कवटीच्या एका तुकड्याच्या रूपाने.

तेयारचा मुख्य ग्रंथ पेकिंगमध्ये १९४० च्या सुमारास लिहून पूर्ण झाला. छापायला परवानगी मिळाली नाही. १९४८ साली तो स्वतः रोमला गेला, तरीही नाही. पॅरिसला प्राध्यापकपद चालून आले, ते स्वीकारायलाही नाही. १० एप्रिल १९५५ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या रविवारी, न्यू यॉर्कमध्ये तो वारला. हस्तलिखिते त्याने आपल्या चिटणीस बाईंच्या नावे करून ठेवली होती, म्हणून तो ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडू शकला. १९६२ साली रोमने त्याच्या लिखाणात गंभीर चुका असल्याचा जाहीर इशारा दिला. आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावरच्या आपल्या पत्रात त्याच्या योगदानाचा उल्लेख केला. त्याची गद्य शैली मला स्वतःला फार धुकट वाटते. शास्त्र कुठे संपले आणि काव्य कुठे सुरू झाले हे कळत नाही. पण प्रश्न त्याने बरोबर ठिकाणी विचारला होता.

रोमचे उत्तर आले ते तेयार जिवंत असतानाच. १२ ऑगस्ट १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी सर्व बिशपांना पत्र लिहिले. त्यात देहाच्या बाबतीत दार किलकिले झाले: माणसाचे शरीर आधीच्या सजीवांपासून निघाले काय, याचा अभ्यास तज्ज्ञांनी करावा, चर्चा करावी, आत्मा मात्र प्रत्येकाला थेट ईश्वराकडून मिळतो हे कॅथलिकाने सोडू नये. ओळखीचे वाटते ना? मिव्हार्टचा बांध, एकोणऐंशी वर्षांनी. पण एका जोडप्याच्या प्रश्नावर पोपनी दार लावून घेतले. अनेक आदिपुरुष मानणारे मत मूळपापाच्या सिद्धान्ताशी कसे जुळेल ते दिसत नाही, असे त्यांनी लिहिले. 'जुळणारच नाही' असे लिहिले नाही. 'कसे जुळेल ते दिसत नाही' असे लिहिले. दाराला कडी घातली, कुलूप लावले नाही, असा त्याचा अर्थ पुष्कळ धर्मपंडितांनी काढला आहे.

पुढे २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी विज्ञान अकादमीला पाठविलेल्या संदेशात उत्क्रांती ही आता निव्वळ एक अटकळ राहिलेली नाही असे मान्य केले. आत्म्याचा बांध त्यांनी कायम ठेवला. एका जोडप्याचा विषय मात्र काढलाच नाही. आणि २००४ साली रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने आपल्या एका निबंधात, मनुष्यजात सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत एका समान वंशाच्या लोकसमूहातून निघाली, या शास्त्रीय निष्कर्षाला पटण्याजोगा म्हटले. जोडप्यातून नव्हे, समूहातून. त्या आयोगाचे काम सल्ला देण्याचे. त्याचा शब्द पोपच्या पत्राइतका वजनदार नाही. तरी शब्द बदलला आहे हे नजरेतून सुटत नाही.

मग आज विचारी कॅथलिक काय म्हणतो? दोन वाटा दिसतात. एक वाट अशी: जीवशास्त्राच्या दृष्टीने पूर्वज हजारो असोत, त्यांतल्या दोघांना ईश्वराने प्रथम आत्मा दिला, त्यांची मुले इतरांत मिसळली, आणि कालांतराने साऱ्यांच्याच वंशावळीत ती दोन नावे आली. केनेथ केम्प या अमेरिकन प्राध्यापकांनी २०११ साली ही मांडणी केली. गणिताला ती धरून आहे. आपल्याला आईबाप दोन, आजीआजोबा चार, पणजोबांच्या पिढीत आठ; असे वीस पिढ्या मागे गेलात तर दहा लाखांवर जागा होतात. एवढ्या जागांपैकी एकीवर अमुक मूळपुरुष बसला असेल, म्हणून बाकीच्या रिकाम्या असतात असे नाही. एखाद्या गावात सगळेच एका मूळपुरुषाचे वंशज असतात, पण म्हणून काही माहेराकडून दुसरे रक्त आलेलेच नसते असे थोडेच आहे? जनुकशास्त्राला इथे हरकत घ्यायला जागा नाही, कारण आत्मा हाडांत खूण ठेवत नाही. मला मात्र ही मांडणी वकिलाने केलेल्या दस्तऐवजासारखी वाटते. कलमे सगळी बिनचूक आहेत. पण एकाला आत्मा आहे आणि त्याच्या बायकोला, जी दिसायला त्याच्यासारखीच आहे तिला तो नाही, हा संसार डोळ्यांपुढे आणून पाहिला की मन कचरते.

दुसरी वाट म्हणजे आदाम हा एक पुरुष नसून पहिला मानवसमूह मानायचा. त्या समूहाने जाणीव आल्याबरोबर ईश्वराकडे पाठ फिरवली असे समजायचे. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथात, आदामाच्या पतनाची कथा रूपकाच्या भाषेत आहे, पण ती मानवी इतिहासाच्या आरंभी खरोखर घडलेल्या घटनेविषयी आहे, असे म्हटले आहे. या वाटेने जाणारे त्याचा आधार घेतात. त्यांना विचारावेसे वाटते की मग ट्रेंटच्या 'वंशपरंपरेने' या शब्दाचे काय करायचे? ते त्याचे उत्तर देतात, आणि ते उत्तर लांबत जाते. रोमने या दोहोंपैकी एकीवरही अखेरचा शिक्का मारलेला नाही.

त्या मुलाला, म्हणजे आता तो मुलगा राहिलेला नाही, मी आज काय सांगेन? सांगेन की फळ्यावर काढलेली हाडे खरी आहेत. तुझ्या फादरांनाही ती मान्य करायला १९५० पासून कसलीच आडकाठी नाही. सहा दिवसांवरून कोणी तुझ्याशी वाद घातला तर त्याला ऑगस्टीन वाचायला सांग. आत्म्याविषयी माझ्या प्रयोगशाळेत एकही उपकरण नाही, म्हणून तिथे मी मास्तर या नात्याने बोलणार नाही. आणि आदाम एक होता की अनेक, हे विचारशील तर तुझा प्रश्न जिथे अडला तिथेच रोमचे पंडितही अजून अडून बसले आहेत, कागद पसरून.